रूपरावांचं एकोणिसावं पान

आमच्या घरात दोन लिंबं हवेत उडवून झेलणारा एक माणूस आहे. तीन जमली असती तर सर्कशीत गेला असता. तिसऱ्या लिंबापाशी त्याचा उत्साह संपला आणि आम्ही सगळ्या लिंबांचं लोणचं घातलं.

हे माझे सासरे, रूपराव. सिंदी रेल्वे नावाच्या गावात एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, एकतीस वर्षं ग्रेडर होते. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात खुपसायचा, आतून चिमूटभर नमुना काढायचा, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हलकेच ओढायचा आणि धागा किती लांब, किती पक्का, माल किती ओला, ते तिथल्या तिथे सांगायचं, हे त्यांचं काम. शेवटच्या चार वर्षांत तिथे मशीन आली. मशीन आकडे छापून द्यायची आणि बाबा तिच्या शेजारी उभे राहायचे. "चार सालं बोटं खिशात घालून उभा राह्यलो," असं ते अजून म्हणतात, आणि तेव्हा त्यांच्या तोंडाकडे पाहवत नाही.

रिटायर झाल्यावर ते आणि यशोदाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला आमच्याकडे राहायला आले. आल्या आल्या बाबांनी जेवताना माझ्या नवऱ्यासमोर आणि माझ्यासमोर जाहीर केलं, "आदेश, सुरभी, ऐका. कामाचं सारं करून झालं माह्यं. आता दर साली एक असं शिकीन, ज्याचा काईच उपयोग नाई."

पहिल्या वर्षी ते ओठ न हलवता बोलायला शिकले. महिनाभर घरात आवाज यायचा आणि कोण बोललं ते कळायचं नाही. पण प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटावेच लागतात, ते काही त्यांना जमेना. आई म्हणाल्या, "आता भाजी-भाकर मांगून दाखवा बरं." तिथे ती कला संपली. दुसऱ्या वर्षी घड्याळ दुरुस्ती. भिंतीवरचं चांगलं चालणारं घड्याळ त्यांनी उघडलं, ते आजही स्टीलच्या डब्यात आहे. तिसऱ्या वर्षी लिंबं. सगळं निम्म्यावर. शेवटी आईंनी त्यांचं नावच बदलून टाकलं. "रूपराव कायचे? अर्धेराव!" पाहुण्यांसमोरही म्हणायच्या. बाबा हसायचे, पण मी बघत होते, ते नाव त्यांना लागायचं. एकदा मला हळूच म्हणाले, "सुरभी, मले एक तरी गोष्ट पुरी करून दाखवायची हाये. एकच."

चौथं वर्ष त्यांना ऑटोत सापडलं.

वर्ध्याहून बोरगावला येणाऱ्या ऑटोत त्यांच्या समोर एक मुलगी बसली होती. मांडीवर वही, वहीवर ओढणी, आणि ओढणीखाली बोटं चालू. तोंड रस्त्याकडे. बाबांचा जीव तिच्या बोटांत अडकला. एकतीस वर्षं बोटांवर जगलेला माणूस, त्याला राहवतं होय?

"काय पाहून राह्यली वं बाई?"

"पाहून नाई राह्यली काका, वाचून राह्यली. मले दिसत नाई."

ती अंजू. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून आईसोबत राहते, वर्ध्यात एका बँकेत नोकरी करते. ऑटो थांबेपर्यंत बाबांनी ब्रेलचं अर्धं पुराण ऐकून घेतलं होतं. घरी आले ते चप्पल न काढताच आत आले. "सापडलं! सुरभी, सापडलं! सहा टिंबं राह्यतात. फक्त सहा! त्याच्यात सारी मराठी बसते. बोटानं वाचतेत!"

"तुमचे डोळे तर चांगले हायेत," आई म्हणाल्या.

"म्हणून त उपयोग नाई ना त्याचा! म्हणूनच त शिकाचं!"

दुसऱ्या दिवशीपासून ते रोज संध्याकाळी अंजूकडे जाऊ लागले. गल्लीत आठवड्याभरात बातमी पसरली की रूपरावांचे डोळे चालले. दोन बायका मला धीर द्यायला आल्या. एकीने गाजरं आणली. मी किती समजावलं, पण डोळे असून कुणी हे शिकेल यावर त्यांचा विश्वासच बसेना. गाजरांचा हलवा मात्र चांगला झाला.

अंजू वयाने लहान, पण शिकवायला भारी कडक. तिचा पहिलाच नियम, डोळे मिटून वाचायचं. डोळे उघडले तर ती ओळखते कशी, हे बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही. "तुम्ही पाह्यलं का तुमचा श्वास बदलते," ती म्हणायची. दुसरा नियम, बोट अलगद सरकवायचं. आणि तिथे बाबांचं गाडं अडलं. त्यांचं बोट सरकायलाच तयार नव्हतं. ग्रेडरचं बोट चिमटीत धरतं, दाबतं, ओढतं. अंजू वैतागायची. "काका, कागद हाये तो, कापूस नाई! दाबून दाबून टिंबं बसवून टाकाल तुम्ही!" चार महिन्यांत अक्षरं सगळी आली, पण एक ओळ वाचायला दहा मिनिटं. मला मनातून वाटायचं, झालं, हेही निम्म्यावर राहणार. आईंनी तर पैजच लावली होती.

मे महिन्यात, आमच्या बोरगावच्या विहारात मुलांचं उन्हाळी शिबिर भरलं. समारोप बुद्धपौर्णिमेला, सोमवारी. त्या दिवशी अंजू मुलांना स्वतः लिहिलेली गोष्ट वाचून दाखवणार होती. तिची पहिली गोष्ट, आणि सगळ्यांसमोर वाचायची पहिलीच वेळ. हॉर्न बंद पडलेली एक एस.टी. बस आवाज मागत जनावरांकडे फिरते, अशी ती गोष्ट होती. चौतीस पानांची, दोऱ्याने शिवलेली वही. दुसरी प्रत नाही.

बुधवारी अंजू ट्रेनिंगसाठी नागपूरला निघाली. जाताना वही बाबांच्या हातात देऊन गेली. "चार दिवस तुमच्याजवळ ठेवा. वाक्यं सोपी हायेत, सराव होईल. पण सांभाळजा काका. एकदा लिहिलं का माह्या डोक्यातून जाते सारं. रविवारी सायंकाळी येतो मी."

गुरुवारी सकाळी मी ऑफिसला जायची तयारी करत होते आणि बाहेरच्या खोलीतून बाबांची आरोळी आली. घाबरून धावले. बाबा खाटेवर ताठ बसले होते, डोळे मिटलेले, हातात एक सुटा कागद. अंगठा खाली, बोट वर, मधे कागद, अगदी कापसाची चिमूट धरावी तसा.

"सुरभी! वाचता येऊन राह्यलं! वरून दाणा लागते, खालून खळगा! दोन्हीकडून समजते! आतापर्यंत वही शिवलेली होती, खाली अंगठा जातच नव्हता!" आणि त्यांनी भराभर वाचून दाखवलं, "बस... कोंबड्याकडे... गेली." मिनिटभरात! मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या. मग डोक्यात उजेड पडला.

"बाबा, वही शिवलेली होती म्हणता. मग हा कागद सुटा कसा?"

बाबांनी डोळे उघडले. खाटेवर ब्लेड पडलं होतं, आणि दोरा. वहीची शिवण त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत उसवली होती. "नमुना बाहेर काढल्याशिवाय हाताले कसा समजीन?" ते म्हणाले. एकतीस वर्षांची सवय बोलत होती, आणि ती सवय बोलत असतानाच आईंनी स्वयंपाकघरातून येऊन नेहमीसारखा कूलर सुरू केला.

आमचा कूलर सावकाश सुरू होणारा नाही. बटण दाबलं की वादळ. चौतीस पानं एकदम उठली. टीव्हीवर, खाटेखाली, दारातून अंगणात. आई कूलर बंद करायच्या ऐवजी पानांमागे धावल्या, बाबा आईंमागे, आणि मी कूलरमागे. सगळी पानं गोळा करून मोजली, तर तेहेतीस. चौतिसावं कूलरच्या खाली सापडलं. आमचा कूलर दोन उन्हाळे गळतोय आणि आदेश दोन उन्हाळे "या रविवारी पाहतो" म्हणतोय. पान त्या थारोळ्यात भिजून लगदा झालं होतं. वाळवलं, पण टिंबं गेली ती गेलीच. गुळगुळीत पापड.

पानांवर आकडे नव्हते. शिवलेल्या वहीला आकडे कशाला लागतात? आमच्या हातात आता तेहेतीस पांढरीशुभ्र पानं होती, सगळी सारखी, आणि कुठलं कुणाच्या पुढे ते कुणालाच माहीत नव्हतं. बाबा खाटेवर बसले ते उठेचनात. पाणी दिलं, प्यायले नाहीत. "पोरीची पयली गोष्ट हाये," एवढंच म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि तितकंच वाईटही वाटत होतं.

"मी अंजूला फोन करते," मी म्हणाले.

"कर. पण तिचं ट्रेनिंग बुडून जाईन, रडत येईन ते. थांब." मग त्यांनी वर पाहिलं. "पानाची शेवटची ओळ वाचाची, आन् दुसऱ्या पानाची पयली. जुडली का जोडी झाली. मले वाचता येते आता."

मी हिशेब केला. दोन ओळी एका पानाच्या, तेहेतीस पानं. रविवार संध्याकाळपर्यंत. "आणि नाही झालं तर?"

"त रविवारी तिच्या पायाशी सारा गठ्ठा ठेवतो."

आईंनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता येतोय तो शब्द. पण त्या इतकंच म्हणाल्या, "सुरभी, तो कूलर बंदच राहू दे."

वर्ध्याच्या मे महिन्यात कूलर बंद ठेवून बसणं म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच विचारावं. शेचाळीस डिग्री. पंखाही नाही. दारं-खिडक्या लावलेल्या, फरशीवर पानं मांडलेली, आणि मधे बनियनवर बाबा, डोळे मिटून. आदेशने सुचवलं, डोळे उघडून बघा, लवकर होईल. बाबांनी करून पाहिलं. पांढऱ्यावर पांढरी टिंबं, दहा मिनिटांत नाचायला लागली. मीही मोबाइलवर ब्रेलचा तक्ता उघडून एक पान डोळ्यांनी लावलं आणि बसला कोंबड्याऐवजी कोथिंबिरीकडे पाठवलं. "तू राहू दे," बाबा म्हणाले. "तू फक्त जोड्या लिहून घे."

शुक्रवारी सकाळी पहिली मोठी अडचण आली. सगळीच जनावरं बसला एकसारखं बोलायची. "माझा आवाज घे," आणि पुढच्या वेळी "नको, परत दे." कोंबडा आधी की शेळी आधी, कळायला मार्ग नाही. आई स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. तिथूनच ओरडल्या, "कोंबडा आधी! सकाळी निंगते ना बस!" बाबांनी पान पुन्हा चिमटीत धरलं. "सकाळची... पहिली... फेरी." आईंचं बरोबर! त्यानंतर आई पोळ्या सोडून फरशीवरच येऊन बसल्या. आता घरात तिघेही ओरडत होतो. "शेळी लागली!" "मांजर इकडे नाई, तिकडे!" शेजारच्यांनी खिडकीवर टकटक करून विचारलं, मॅच कोणाची आहे. मी शुक्रवार-शनिवारची रजाच टाकली. साहेबांना कारण सांगितलं, घरी बसचा प्रॉब्लेम आहे.

आणि बाबांची बोटं! गुरुवारी ओळीला मिनिट लागत होतं, शनिवारी सकाळी त्याच्या निम्मंच. ते आता फक्त पहिली-शेवटची ओळ वाचत नव्हते. मधलंही वाचत होते, हसत होते, आणि "पुढे काय झालं थांब" म्हणून आम्हाला ताटकळत ठेवत होते.

शनिवारी दुपारी चारला तेहेतीस पानं लागली. अठरा इकडे, पंधरा तिकडे. मधे भोक. अठराव्या पानाच्या शेवटी बस म्हशीसमोर जाऊन उभी राहते. त्याच्या पुढच्या पानावर बस मोराकडे निघालेली असते. म्हैस काय म्हणाली ते पाण्यात गेलं होतं.

"एका पानाचं काय एवढं," आदेश म्हणाला. "सांगून टाका, भिजलं म्हणून."

बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून कूलर दुरुस्त करायला गेला. मग त्यांनी कपाटातून ब्रेलची पाटी आणि टोचणी काढली. अंजूने दिली होती, पण लिहिणं उजवीकडून डावीकडे, उलटं, म्हणून त्यांनी हात लावला नव्हता. जाड कागद म्हणून जुन्या कॅलेंडरची पानं फाडली. पहिल्या पानाला आरपार भोकं पडली. दुसऱ्यालाही. एप्रिल गेला, जून गेला, ऑगस्ट गेला. रविवारी दुपारी डिसेंबरच्या मागे पान तयार झालं. काय लिहिलंय ते आम्हाला सांगायला तयार नाहीत.

संध्याकाळी ते गठ्ठा घेऊन अंजूकडे निघाले. मी सोबत गेले. बाबांनी काही लपवलं नाही. ब्लेड, कूलर, थारोळं, सगळं उभ्याउभ्या सांगितलं. अंजूने गठ्ठा मांडीवर घेतला आणि एकेक पान चाळू लागली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"वही उसवली तुम्ही? काका, वही?"

"हाव."

"मले विचारलं काऊन नाई?"

मीच काहीतरी बोलायला गेले तर तिने हात वर केला. तिची बोटं चालत होती. दहा, बारा, पंधरा. अठराव्या पानानंतर थांबली. डिसेंबरवरून तिने एकदा बोट फिरवलं, मग पुन्हा पहिल्यापासून. मग तिचा श्वास बदलला. हो, मलाही कळला. ती हसू दाबत होती.

"हे टिंबं हायेत का हरभरे?" ती म्हणाली. "केवढी दाबली! आन् हे म्हशीचं मनानं लिहिलं तुम्ही?"

"नाई आवडलं त काढून टाक."

"उद्या येजा. समोर बसजा." दार लावताना ती पुन्हा म्हणाली, "वहीचा राग गेला नाई माह्या अजून."

सोमवारी विहाराचा हॉल गच्च भरला होता. पंचशील झालं, भाषण झालं, खिरीचा वास येत होता आणि पोरं चुळबुळत होती. अंजू उभी राहिली. पहिली दोन वाक्यं तिने घाईने वाचली. मग बसचा हॉर्न बंद पडला, बसने कोंबड्याचा आवाज घेतला आणि झोपलेलं आख्खं स्टँड जागं केलं, तेव्हा पोरांनी जो काही दंगा केला! शेळीच्या आवाजावर तर एक आजोबा खुर्चीवरून घसरता घसरता वाचले. मी आणि आई प्रत्येक पानाला बोटं मोजत होतो. सगळी पानं जागच्या जागी! सतरा. अठरा. बस म्हशीसमोर येऊन उभी राहिली.

अंजू थांबली. "पुढचं पान माह्यं नाई," ती म्हणाली. "ज्यांचं हाये तेच वाचतील. रूपराव काका, या."

बाबांचा हात आईंच्या हातात होता. तो त्यांनी एवढा घट्ट दाबला की आई "अवो!" म्हणाल्या. मग उठले. पुढे गेले. चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटले आणि पान चिमटीत धरलं. हॉलमध्ये कुजबुज झाली. गाजरंवाली बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "पाह्य, म्हटलं नव्हतं मी?"

"म्है... स... म्ह... णा... ली," बाबांनी सुरुवात केली. अंजूच्या नंतर ते फारच हळू वाटलं. पोरं एकमेकांकडे बघू लागली. "घा... ई..."

"घाई!" पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"क... रू..."

"करू नको!" आता पाच-सहा पोरं. बाबांच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते अक्षर सोडायचे आणि हॉल शब्द झेलायचा. "आधी न... मु..." "नमुना!" "...पा... हू दे." मागच्या बाजूला बसलेली जिनिंगची जुनी माणसं हसायला लागली. म्हशीने स्वतःचा आवाज चिमटीत धरला. म्हशीने तो ओढून पाहिला. ओळीमागून ओळ, बाबा घामाने निथळत होते आणि आख्खा हॉल खुर्च्यांच्या काठावर आला होता. "म्हैस म्हणाली, माझा आवाज... जा..." "जाड!" "...आहे. तुला लांब... धा..."

पोरं अडली. हा शब्द त्यांना येईना. मागून जिनिंगच्या माणसांचाच आवाज आला, "धाग्याचा!"

"लांब धाग्याचा आवाज पाहिजे. तो मोराकडे मिळेल." बाबांचं बोट कागदाच्या कडेला पोचलं. पुढे काही नव्हतं. पान संपलं होतं. पूर्ण.

टाळ्या वाजल्या, शिट्ट्या वाजल्या. आईंनी डोळ्यांना पदर लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता म्हणत नाई मी ते नाव."

बाबांना त्यातलं काही ऐकू गेलं नसावं. डोळे अजून मिटलेलेच होते. वाचलेलं पान त्यांनी नीट खाली ठेवलं आणि अंजूच्या दिशेने हात पुढे केला.

"पुढचं दे."

"काका, पुढचं माह्यं हाये."

"दे वं," बाबा म्हणाले. "आता कुठं मोर येऊन राह्यला."